चार बोटं

उभं असताना काहीच कळत नाही.
शेपूट जमिनीवर, नाक आभाळाकडे,
पात्याखालून कोंबडी मान ताठ ठेवून जाते.
राजेशममामा म्हणाला, ही उंची खोटी आहे.
पळायला लागलं की शेपूट उठतं,
नाक खाली येतं,
तेव्हा जे उरेल तेवढंच आपलं.

म्हणून आम्ही शेपूट उचललं.
खाली सुताचा रिकामा बीम, त्यावर दोन विटा, वर पोतं.
अक्कलकोट रोडची शेड, एप्रिलचा पत्रा,
मी पोटावर आडवी, गालाला खडी,
हातात माझीच शाळेतली स्टीलची पट्टी.
पातं सरळ खाली.
"काय बघलालीस, मोज की!"
पावणेसात.
"परत मोज."
पावणेसात, मामा.

नऊ हवे होते. आराखड्यात नऊ होते,
त्यानं स्वतः मोजले होते, बोटांनी,
जसा तो आयुष्यभर सगळं मोजत आला:
चार बोटं, वर चार बोटं, वर चार बोटं,
बारा बोटांची वीत, वितीचे नऊ इंच.
हिशेब बरोबर.
फक्त उजव्या हाताची करंगळी
एकोणनव्वद साली मागाच्या गिअरमध्ये राहिली
आणि मोजताना तो तिला अजून धरतो.

कुणी हसलं नाही.
मौलालीनं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.
वेल्डिंग काहीच चालू नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले.
पातं काप, दोन्हीकडून दोन-दोन इंच.
मामा म्हणाला, मग ते नुसतं ओरडेल, ओढणार नाही;
आपल्या गल्लीत तसली माणसं कमी आहेत का?
चाकं मोठी घाल. घातली, रिक्षाची.
इंचभर मिळालं, वजनानं बसल्यावर पाऊण.
पाय लांब कर. केले, ट्रकच्या पाट्याला नवी कमान देऊन.
आता नाक इतकं वर
की आत बसलं तर फक्त आभाळ,
रस्ता कुठंय ते बाहेरच्यानं ओरडून सांगायचं.
पाय परत होते तसे केले.

आठ दिवस तो शेडकडे फिरकला नाही.
नवव्या दिवशी कारखान्यात
बंद मागाजवळ डबा उघडून, कडक भाकरी मोडता मोडता
त्याची नजर पट्ट्यावर गेली.
मोटर खाली. चाक वर. मधे पट्टा.
फिरवणारा एकीकडे, फिरणारं दुसरीकडे,
पंचेचाळीस वर्षं डोळ्यांसमोर.
शेंगाचटणी उघडी टाकून उठला.

मारुतीचं इंजिन होतं तिथंच राहिलं.
त्याच्या डोक्यावर कप्पी बसली, पट्टा ताणला,
पात्याचा आस तीन इंच वर गेला.
पट्टी: साडेदहा.
एका टायरची हवा सोडून,
मौलालीला पंखाच्या मुळाशी बसवून: आठ.
"चालतंय की."

नाकही तेवढंच उंचावलं, म्हणून मामाच्या बुडाखाली
सोलापुरी चादर, चार घड्या घालून,
मोर आतल्या बाजूला.

उडायची परवानगी नव्हती.
पळायची कुणी मागतं का?
कुंभारीपुढचा माळ, पहाट, वारा उठायच्या आत.
मी कडेला, बरीच लांब, पुन्हा पोटावर,
पात्याखालचा उजेड बघायला.
शेपूट उठलं. नाक खाली आलं.
मुरमाचे खडे उडाले, पात्याला एकही लागला नाही.
उजेडाची ती फट माझ्यासमोरून सरळ पळत गेली
आणि मग
मी बघतच नव्हते तिथं,
चाकांखाली, दुसरी.

क्षणभर. मग धपकन.

मामा उतरला, चादर खांद्यावर,
कान अजून इंजिनातच.
"उठलं होतं का गं? किती?"
पट्टी माझ्या हातात तशीच होती, कोरडी.
चार बोटं, मी म्हटलं.
त्यानं उजवा हात तोंडासमोर धरला,
उलटा केला, सुलटा केला.
"कुणाची?"