मोजपट्टीचं दुसरं टोक

खसबच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला खेटून
ही इमारत. कागदावर 'जुनं गोदाम क्रमांक चार'.
त्याआधी खजुराची वखार, त्याआधी घोड्यांची पागा,
आणि सगळ्यांत आधी अकरा पाद्री,
असं मुसब्बह सांगतो.
आकडा कुठून आला विचारलं
तर बोट दाखवतो: भिंतीत कोनाडे अकरा.

मी मोजपट्टी धरतो. दुसरं टोक इनास डाबरेकडे,
वसईचा, गवंड्याचा नातू,
पगार कंपनीचा, घमेलं स्वतःचं.
चौक चौदा मीटर वीस. ओवरीला बाजूगणिक चार कमानी,
पूर्वेची बाजू पडलेली, तिथे शेळ्या.
भिंत प्रवाळाची, नखानं खरवडली तरी शिंपले निघतात.
घंटेचा आकडा आहे, घंटा नाही;
आकड्याला कुणाचं तरी जाळं वाळत.
दरवाजे उंच, उगाचच उंच,
जणू इथे पावसाळा येणार होता
आणि कुणाला छत्री न मिटता आत शिरायचं होतं.

दुपारी सेहेचाळीस अंश.
समोरच्या पाण्यातून सिगारेटची खोकी लादलेल्या होड्या
इराणकडे सुसाट.
मुसब्बह चहा आणून ठेवतो. 'मेज,' म्हणतो, पुसून घेतो.
'मेज,' इनास म्हणतो, सरकून बसतो.
शब्द कुणाचा ते कुणीच विचारत नाही.

तिसऱ्या कमानीत, वर, चावीच्या जागी
एक काळा दगड.
बाकी सगळं हाडासारखं पांढरं.
इनास शिडी चढतो, हातोडीच्या दांड्यानं ठोकतो,
कान लावतो, पुन्हा ठोकतो.
'हा आमच्याकडचा.'
डोंगर इथेही आहेत की, मी म्हणतो.
'ते चुन्याचे. हा वाजतो.'
गलबताच्या पोटात भाराला दगड टाकायचे,
माल मिळाला की बंदरातच उतरवून निघायचे,
आजोबांचं ऐकलेलं तो वरूनच सांगतो
आणि मग बराच वेळ खाली येत नाही.

तक्त्यात रकाना आहे: दगडाचा उगम.
मी लिहिलं, अनिश्चित.
इनासनं कागद मागून घेतला, वाचला,
काही बोलला नाही.
फक्त पट्टीचं त्याचं टोक
त्या दगडावर अंगठ्यानं असं दाबून धरलं
की आकडा लिहून झाल्यावरही
माझ्याकडची पट्टी गुंडाळेना.