सात नंबर

दोन हा आकडा आभाळाचा.
दहा लाख कणांत दोन, ते सगळ्या जगाचे, त्यात आमचं काही नाही.
दोनच्या वर जे चढेल ते आमचं.
एवढं शिकवून मला बुटीबोरीच्या पलीकडे
व्हॉल्व्ह स्टेशनच्या खोलीत बसवलं.
एक कूलर, एक पडदा, पडद्यावर बारा रेघा.

कुंपणाभोवती बारा खांब, प्रत्येकाच्या टोकाला एक नाक.
आधी तीन महिन्यांतून एकदा माणूस यायचा मीटर घेऊन,
चक्कर मारायचा, सही करायचा, चहा पिऊन जायचा.
गॅस जणू तारीख बघून गळणार होता.
आता मिनिटाला एक आकडा,
मी डबा उघडते तेव्हाही.

नवतप्यात सात नंबरची रेघ उठू लागली.
रात्री तीननंतर, वारा मेला की,
दोन, अडीच, चार,
अकरा.
उजाडता वारा सुटला की पुन्हा दोन,
तोंड पुसून बसलेल्या मांजरीसारखी.

बोबडे साहेब म्हणाले, उन्हानं सेन्सर येडा झाला.
तिरपुडे म्हणाला, येडा हाये तं घड्याळ कसं काय पाळून राहिला?
मग साहेबांना कुंपणापलीकडे
सरजाबाई नेवारेचा गोठा दिसला. चौदा म्हशी.
म्हशीच्या ढेकरात हाच गॅस असतो, हे त्यांना त्याच दिवशी आठवलं.
अहवालात गेलं: स्रोत, गुरे.

मी सरजाबाईला सांगितलं, तर ती शेणाच्या हातानं हसली.
"माह्या म्हशी ढेकर देते तं आवाज येते बाई.
तुह्या पाइपाचा येते का?"

नाही येत. वासही नाही, रंगही नाही.
बाबा सिल्लेवाड्याच्या खाणीत सरदार होते,
त्यांच्याकडे फक्त दिवा होता.
वात बारीक करायची, श्वास धरायचा, ज्योतीकडे पाहायचं.
ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसली की आधी माणसं बाहेर,
कारण मागाहून.
कारण शोधत थांबलेल्या दोघांना
त्यांनी खांद्यावरून वर आणलं होतं.
घरी दिवाळीतसुद्धा ते पणतीकडे तसेच बघायचे,
डोळे बारीक करून. आई चिडायची.

जेठात सरजाबाईची विहीर आटली.
चौदा म्हशी हाकत ती हिंगण्याकडे भावाकडे गेली.
गोठ्यात उरला एक खुंटा, एक फुटकं टोपलं.
त्या रात्री मी कूलर बंद केला. का, ते माहीत नाही.
तीन वाजून बारा मिनिटं.
अडीच. चार. सहा.
नऊ.

तिरपुडे साबणाच्या पाण्याची बादली घेऊन निघाला,
मी बॅटरी धरली.
तिसऱ्या फ्लँजवर, खालच्या अंगाला,
जिथे हात लावायला गुडघे टेकावे लागतात,
एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला.
मग दुसरा.
लेकरू झोपेत तोंडानं करतं तसं.
आम्ही दोघं मातीत बसून बघतच राहिलो.
मग मी उठले. आधी फोन, मग कारण.

गॅस्केट बदललं. बोबडे साहेबांनी फोटो काढला.
अहवालाचं विचारलं तर म्हणाले, गेला तो वर,
आता कशाला उकरता.
अकराच्या जागी नऊ, म्हणजे दोन खरंच म्हशींचे होते.
तेवढे सरजाबाईच्या नावावर राहू द्या, माझी ना नाही.
बाकीचे नऊ
कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायचे?

आठ दिवस सातव्या रेघेनं मान वर केली नाही.
काल पहाटे, वारा पडलेला असताना,
दोनवर एक लहानसा उंचवटा आला,
तीन, साडेतीन, चार,
गोल पाठीचा, संथ, रवंथ केल्यासारखा.
मी खिडकी उघडली नाही.
हिंगण्याहून म्हशी परत आल्या होत्या.