साहित्याचा आढावा

पहिलं वाक्य सव्वानऊला लिहिलं,
पावणेअकराला खोडलं.
'नवी मुंबई हे एक नियोजनबद्ध शहर आहे.'
यात चूक काहीच नाही,
म्हणूनच पुढे सरकत नाही.

देवस्थळी मॅडम म्हणाल्या होत्या,
कल्पिता, 'मी' काढ. शोधनिबंधात 'मी' नसतो.
काढला.
मग आमच्या शेताचं 'अभ्यासक्षेत्र' झालं
आणि आयची 'निवेदक क्रमांक चार'.
निवेदक क्रमांक चार आत्ता ओट्यापाशी
जवळा निवडतेय
आणि विचारतेय, लाइट कधी बंद करशील.

गोठिवलीत या दिवसांत
कोणाची तरी हळद असतेच.
खिडकी लावली तर पंखा तीच गरम हवा फिरवतो,
उघडली तर डीजेच्या ठेक्यावर
तळटीप सात थरथरते.

प्रकरण दुसरं अडलंय एका खारीपाशी.
जिथे आता काचेची इमारत आहे,
गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं रात्रीचा चहा पितात,
तिथे आमची खार होती. तिला नाव होतं.
आबा म्हणतात, येरी खार.
येरी, कारण भरती आली की बांध फोडून घ्यायची.
प्रमाण भाषेत 'येडी' लिहू?
दोन ग्रंथालयं, एक गॅझेटियर, सातबाऱ्याचे जुने कागद,
ना येरी, ना येडी.
समासात मॅडमची हिरवी शाई: संदर्भ?

संदर्भ खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावतोय, मॅडम.
प्रकाशन वर्ष सांगत नाही,
पृष्ठ क्रमांक नाही,
आणि मध्येच झोपतो.

काल कॉलेजच्या संगणकावर चोरी तपासून घेतली.
अधिसूचनेचा परिच्छेद जसाच्या तसा उतरला होता,
सर्व्हे नंबरांसकट.
साम्य निघालं साडेबारा टक्के.
घरी येऊन आबांना सांगितलं.
खोकला लागेपर्यंत हसले.
"सारेबारा? आमालाबी यवराच मिलाला, पोरी.
बाकीचा कोनी नेला, ता इच्यार त्या मशीनला."

मशीनला दहापर्यंत चालतं.
म्हणून अडीच टक्के कमी करायला बसलेय.
'जमीन संपादित करण्यात आली'
याऐवजी 'जमीन घेतली गेली'.
मग नुसतं 'घेतली'.
आता वाक्याला कर्ता हवा.
कर्सर लुकलुकतो.
मी पाणी पिऊन येते.

दीड वाजता तळटीप आठ लिहिली:
'येरी खार. आबा, गोठिवली. तोंडी.
गुडघा दुखत असताना.'
शेवटचे तीन शब्द खोडले,
परत लिहिले.

सोमवारी सबमिशन.
स्पायरलवाल्याकडे रांग लागते, सातलाच जायला हवं.
निष्कर्ष अजून कोरा आहे.
तळटीप मॅडम काढून टाकतील बहुतेक.
काढायला आधी वाचावी लागेल.