रुपयात दोन आणे

दिवाळीला मुलानं साडी आणली नाही,
एक नळी आणली.
"थुंक यात, आई. अर्धा तास आधी काही खाऊ नको."
मी शेंगाचटणी कुटत होते.
चाखायची राहिली त्या दिवशी,
मीठ जास्त झालं.

सहा आठवड्यांनी निकाल आला:
साडेबारा टक्के नॉर्वे.
महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी केली,
बापाकडून आण्यांचा हिशोब शिकले,
टक्के मला अजून तसेच कळतात.
रुपयात दोन आणे.

तातांचे डोळे घारे होते.
साखरपेठेत त्यांना मांजऱ्या नरसय्या म्हणत,
भांडणात बॉयलरवाल्याचा म्हणत.
तात काही बोलत नसत,
फक्त धोटा जरा जोरात मारत.

गिरणी केव्हाच मोडली. पण टाइमकीपर हत्तरेंच्या माळ्यावर
हजेरीबुकं होती, उंदरांनी कडा खाल्लेली.
सन एकोणीसशे वीस.
बॉयलर खातं: निळ साहेब, हालवरसन.
रीळ खातं: राजव्वा. टोकन ४१८. अंगठा.
मधे सत्तर पानं.

मुलगा म्हणाला, निळ नव्हे, निल्स.
आणि हालवरसन हे आडनाव नव्हेच,
हालवरचा मुलगा, एवढंच.
तिकडं तेव्हा असंच, पुढं शेताचं नाव.
म्हणजे आपल्यासारखंच की, मी म्हटलं,
आधी आपलं, मग बापाचं, मग घराचं.
फक्त तातांच्या दाखल्यावर
मधल्या जागी मामाचं नाव होतं.

मग रँगहिल्ड सापडली. वय पंच्याऐंशी.
तिचा आजोबा आणि निल्स सख्खे भाऊ.
म्हणजे माझी आत्या लागते, दूरची.
तिनं चर्चच्या वहीचे फोटो पाठवले.
निल्स कधी जन्मला, बाप्तिस्म्याला कोण कोण उभं होतं,
देवीची लस कुठल्या तारखेला टोचली,
धर्माच्या परीक्षेत शेरा काय: बरा.
कुठल्या बोटीनं गेला.
आईला लिहिलेलं एक पत्रसुद्धा, सोलापूरहून:
इथं एप्रिलमध्ये जिन्याच्या कठड्याला हात लावता येत नाही.
पाणी खारट लागतं. झडपा चांगल्या प्रतीच्या आहेत.
माणसांबद्दल एक ओळ नाही.

मी ते पत्र चार वेळा वाचून घेतलं,
मुलगा कंटाळला.
कठडा आहे, झडपा आहेत.

त्याच्या दोन आण्यांना वीस पानं.
तिचेही माझ्यात दोन आणेच,
हिशोब दोघांचा सारखा,
पण तिच्या वाट्याला अंगठा, तोही पुसट.
कुठल्या गावाहून आली, करीमनगरकडून की अलीकडून,
किती वर्षांची होती,
साहेबाच्या खोलीकडं आपल्या पायांनी गेली
की मुकादमानं पाठवली,
हे थुंकीत येत नाही.
हत्तरे म्हणाले, बाई, तेवढं सोडून द्या.
मी त्यांना चहा विचारला.

गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा
आत्याचा व्हिडिओ कॉल आला.
तिच्या मागं खिडकी, खिडकीत राखाडी समुद्र.
माझ्या मागं शेजारच्यांचे यंत्रमाग.
कसला आवाज, तिनं विचारलं.
चादरी, मी म्हटलं. मुलानं सांगितलं इंग्रजीतून.
एक तुम्हाला पाठवते. तिकडं उपयोगी पडेल.
ती हसली. मी तिचे डोळे निरखत होते,
पण स्क्रीनवर काय कळतंय,
शिवाय तिला मोतीबिंदू.

मग तिनं चष्मा काढला आणि विचारलं,
जे मला पेठेत कुणीच कधी विचारलं नव्हतं:
तिचं नाव काय होतं?

राजव्वा, मी म्हटलं. सावकाश. रा-ज-व्वा.
त्यांच्याकडं ज चा य होतो म्हणे.
रायव्वा, ती म्हणाली.
पुन्हा म्हणाली, रायव्वा.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं,
आणि थांबले.

तोही तिला असंच म्हणत असेल.
नावानं हाक मारत असेल तर.