अंदाजे आकडा

सोहार बंदरामागं, सहा नंबरच्या स्टोअरमध्ये
मी व्हॉल्व्हच्या पेट्या मोजत होतो
तेव्हा ब्रॅडशॉसाहेबाची पहिली मेल आली :
बॉल आता तुझ्या कोर्टात आहे.
मी घाबरलो. परका मुलूख, त्यात कोर्ट,
आणि शहाण्यानं तर त्याची पायरीसुद्धा...
परकारचाचा हसला, कवळी हलेपर्यंत.
"अरे, राज्य आलं तुझ्यावर, एवढंच.
शंभर मोज आणि शोधायला लाग."

तेव्हापासून तोच माझा शब्दकोश.
करकच्या कपावर बशी झाकून
एकेक साहेबी खेळ तो आपल्या अंगणात आणून सोडायचा.
गोलपोस्ट सरकवले? रडीचा डाव.
टॉवेल फेकला? पाठ टेकली.
कमरेखाली मारलं? ते तसंच रे,
कंबर सगळ्यांनाच असते.
बॅकफूटवर म्हणजे?
यावर तो काही बोलला नाही.
दोन्ही पाय बादलीत होते, मिठाच्या कोमट पाण्यात.
सत्तावीस उन्हाळे लोखंडी जिन्यावर चढलेली
टाच त्यानं वर काढून दाखवली.

शुक्रवारी कॅम्पमागच्या खारट मातीत
पाण्याच्या क्रेटचे स्टंप लागायचे,
ट्रेलरवाला गुलजमान धापा टाकत बोलिंग करायचा
आणि चाचा अंपायर, प्लास्टिकच्या खुर्चीत.
तिथं बॉल म्हणजे बॉलच.
टेप गुंडाळलेला.
भिंतीपलीकडं गेला की गेला.

मग एका दुपारी साहेब दारात उभा,
गाडीची चावी बोटात फिरवत :
हे स्टोअर किती माणसांत चालेल?
नेमकं नको, बॉलपार्क फिगर दे.
चाचा नमाजाला गेला होता.
हा एक शब्द त्याला विचारायचा राहिला.
मी म्हणालो, एक. एक पुरे, सर.

(खरं सांगू? अर्थ मला ठाऊक होता.)

रोजे सुरू व्हायच्या आत त्याचं तिकीट निघालं.
दोन ब्लँकेटं, मिक्सर, नातीसाठी बोलणारी बाहुली,
खजुराचा डबा, त्याला सुतळीचे तीन वेढे.
"अंजर्ल्याला चार कलमं आहेत," म्हणाला,
"मोहोर तरी बघीन यंदा."
मी काही विचारलं नव्हतं.
त्यानंच शेवटचं भाषांतर केलं, बसच्या पायरीवर :
"याला आपल्याकडं खो म्हणतात.
मागून पाठीला हात लागतो.
आपण उठायचं, धावत सुटायचं.
आणि देणारा..."
ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

ते वाक्य मी रोज सकाळी सातला पुरं करतो.
उशी तीच, डावीकडं खोलगट.
मेल येतात, उत्तरं जातात,
माझं इंग्रजी आता बरंच सुधारलंय.
खुर्ची तेवढी फिरवून घेतली मी,
पाठ भिंतीला लागेल अशी.