सहा किलो

फोंड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
हनुवटीला पट्टा, डोक्यावर कप्पी,
कप्पीवरून दोर, दोराला वजन.
‘सहा किलो,’ लविना म्हणाली.
म्हणजे चार असोले नारळ, मी म्हटलं,
दात न उघडता.

चाळीस वर्षं माड चढलो
शेंडा बघत, मान मागे टाकून.
आता चकती सरकलीय. करंगळीपर्यंत मुंग्या.
कापायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
ताणायचं, शेकायचं आणि थांबायचं.
थांबणं तेवढं
कुणी शिकवलं नव्हतं.

खिडकीत एक माड,
शेंडा बरोबर डोळ्यांसमोर.
न चढता, मान न उचलता,
पहिल्यांदाच.
सवयीने मोजले: अठरा.
दोन वाळलेले, आज-उद्या पडतील असे.
आणि त्यांच्या बरोबर खाली,
येताना बघितली होती,
लविनाची नवी स्कूटर.

ती आत चहा घेतेय.
माझी हनुवटी बांधलेली.