पाटी

वेल्समधला तो डोंगर
शहाळं खरवडावं तसा आतून रिकामा केलाय.

एलुनेद दहाला कुलूप काढते,
पर्यटकांना छपराच्या पाट्यांची नावं सांगते:
ही डचेस, ही काउंटेस, ही अरुंद लेडी.
"आजोबांनी लाखभर डचेस तासल्या,
खरी एकही पाहिली नाही."
लोक हसतात. ती तेवढं थांबते.

दारावरची पाटी तिच्या देखत तिसऱ्यांदा बदलतेय.
पहिली पितळी, मालकाच्या दूरदृष्टीची.
दुसरी इथल्याच दगडाची: संप, तीन हिवाळे,
दुकानदारांनी बंद केलेली उधारी.
आता अनुदानाचा अर्ज विचारतो,
खाण खणायला पैसा आला कुठून?
जमैकातल्या उसातून. विकत घेतलेल्या माणसांतून.

आजोबांना माहीत असेल?
चॅपलमधल्या चहात ते
तीन चमचे साखर घालायचे.

ह्यू म्हणतो, आमचं दुःख पुसून त्यांचं लिहिणार?
समितीच्या बाई म्हणतात, दीडशे शब्दांत बसवा,
दोन्ही भाषांत.
वरून तारेला लटकलेलं कुणी किंचाळत जातं,
तिकीट पंचावन्न पौंड;
एलुनेदचा पगार त्यातूनच.

हिशेबनीस म्हणाला, नवा दगड कशाला,
हीच उलटी करा.

तर संप आता भिंतीकडे तोंड करून.
स्क्रू तिनेच बसवले,
पण पुरते पिळले नाहीत.
चार बोटं आत जातात.
अक्षरं खोल कोरलेली आहेत,
अंधारातही लागतात हाताला.